किती देते?

गेल्या पाच महिन्यांत मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न म्हणजे, "अरे, पण का?" सोसायटीतल्या काकांनी विचारला, ऑफिसातल्या मित्रांनी विचारला, सासूबाईंनी फोनवर जरा आडून विचारला. बायकोने विचारला नाही. पण तिचं न विचारणं हे विचारण्यापेक्षा जड असतं, हे लग्न झालेल्या मंडळींना वेगळं सांगायला नको.

झालं असं, की तेरा वर्षं इमानेइतबारे चाललेली आमची वॅगन-आर मी विकली आणि तिच्या जागी २०१४ सालची फियाट लिनिया टी-जेट आणली. सेकंडहँड. पेट्रोल, टर्बो, आणि पाचही गिअर हाताने टाकायचे. फियाटने आपल्याकडे गाड्या विकणं २०१९ मध्ये थांबवलं. म्हणजे ज्या ब्रँडची शोरूमच आता उरलेली नाही, त्याची अकरा वर्षं जुनी गाडी मी एका ठणठणीत वॅगन-आरच्या जागी आणली. असं सरळ लिहून काढलं की मलाही ते वेडेपणाचंच वाटतं.

तरीही माझं मत असं आहे, की मी केलं ते चूक नाही. फक्त त्याचा हिशोब मी आधी अर्धाच मांडला होता. उरलेला अर्धा नंतर कळला. तो सांगावा म्हणून हे लिहितोय.

आधी वॅगन-आरबद्दल बोलतो, नाहीतर कृतघ्नपणा होईल. २०१२ ची गाडी. लेक तेव्हा दीड वर्षाची होती. त्या गाडीने तिला लसीकरणाला नेलं, शाळेत नेलं, एकदा रात्री दोन वाजता तापाने फणफणलेली असताना दवाखान्यात नेलं. एक लाख अठरा हजार किलोमीटर. रस्त्यात कधी उभी राहिली नाही. सर्व्हिसिंगचं बिल बघून कधी पोटात गोळा आला नाही. गल्लीत कुठेही वळायची, कुठेही मावायची. तिच्याविरुद्ध माझी एकही तक्रार नाही.

आणि खरं सांगायचं तर हाच माझा प्रॉब्लेम होता. तेरा वर्षांत त्या गाडीत मी एकदाही उगाच बसलो नाही. काम आहे म्हणून किल्ली उचलायची, काम झालं की टांगून ठेवायची. फ्रिजबद्दल जेवढा विचार करतो तेवढा गाडीबद्दल करायचो. बऱ्याच जणांना हे अगदी योग्य वाटेल आणि ते चूक नाहीत. पण मी शाळेत असताना वहीच्या मागच्या पानावर गाड्या काढणारा मुलगा होतो. पन्नाशी जवळ आली आणि तो मुलगा एकदाही आपल्या गाडीत बसला नाही, असं एक दिवस सिग्नलला उभं असताना वाटून गेलं. सिग्नल सुटला. मागच्याने हॉर्न मारला. पण विचार काही सुटला नाही.

आता आपल्याकडे गाडीबद्दल पहिला प्रश्न ठरलेला असतो. किती देते? म्हणजे लिटरला किती किलोमीटर. नवी गाडी दारात आली, पेढे वाटून होतात न होतात तोच कुणीतरी विचारतं. यात चेष्टा करण्यासारखं काही नाही. ज्या पिढीने सायकलचा टायर ठिगळं लावून चालवला, तिने हा प्रश्न विचारलाच पाहिजे. पण हळूहळू त्या प्रश्नाचं एक नीतिशास्त्र झालंय. जी गाडी जास्त देते ती घेणारा शहाणा, कमी देणारी घेणारा उधळ्या.

गंमत म्हणजे हे नीतिशास्त्रही सगळ्यांना सारखं लागू होत नाही. आज देशात विकल्या जाणाऱ्या प्रवासी गाड्यांपैकी निम्म्याहून जास्त गाड्या एसयूव्ही म्हणून विकल्या जातात. पंधरा-सोळा लाखांची उंच गाडी, सात वर्षांचा हप्ता, आणि आत बहुतेक वेळा एकटा माणूस ऑफिसला चाललेला. त्याला कुणी "का?" विचारत नाही. ती गाडी प्रॅक्टिकल. आणि मी दोन लाख खर्चून जुनी सेडान घेतली तर ते मिडलाइफ क्रायसिस! मला वाटतं आपण 'व्यवहारी' हा शब्द 'सगळे करतात ते' या अर्थानेच वापरतो.

असो. आकडे मांडतो, कारण आकड्यांशिवाय बोललं की ते नुसतं भावनिक होतं.

वॅगन-आर एका यूज्ड कारवाल्याकडे एक्स्चेंजला दाखवली. त्याने बॉनेटवर टिचक्या मारल्या, मोबाइलवर काहीतरी बघितलं आणि एक लाख पंचेचाळीस हजार म्हणाला. मी तिथून निघालो. ओळखीतून एक तरुण जोडपं आलं, दोघंही हॉस्पिटलात नोकरी करणारी, दोघांच्या घरात मिळून ही पहिली चारचाकी. एक लाख पंचाण्णव हजारांना सौदा झाला. नेताना त्यांनी गाडीला हार घातला, चाकाखाली लिंबं ठेवली, नारळ फोडला. त्या मुलीने डॅशबोर्डवरून हात फिरवला तेव्हा मी दुसरीकडे बघितलं. मला ज्या गाडीचा कंटाळा आला होता ती कुणाचं तरी स्वप्न होती. म्हणजे गाडी कंटाळवाणी नव्हती, तिच्यात रोज बसणारा माणूस कंटाळला होता. हे मी मनात नोंदवून ठेवलं, लिनियाच्या बाबतीतही कधीतरी उपयोगी पडेल म्हणून.

लिनिया तीन लाख दहा हजारांना मिळाली. नवी असताना रस्त्यावर येईपर्यंत ती दहा लाखांच्या वर गेली असणार. मधले सात लाख पहिल्या मालकाने भरले. हौसेची गाडी सेकंडहँड घ्यावी असं मी म्हणतो त्याचं कारण हेच. नव्या गाडीची किंमत पहिल्या काही वर्षांत सगळ्यात जोरात घसरते, आणि ती घसरण दुसऱ्या कुणाच्या तरी खिशातून झालेली असली तर आपली हौस परवडण्याच्या टप्प्यात येते.

पण, आणि हा पण मोठा आहे, सेकंडहँड गाडीची किंमत म्हणजे सौद्याची किंमत नव्हे. घेतल्या घेतल्या चार टायर टाकले, अठ्ठावीस हजार. टायर दिसायला बरे होते, पण टायरच्या कडेवर चार आकडी तारीख असते, पहिले दोन आकडे आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. त्यावर २३१७ होतं, म्हणजे २०१७ चा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी एवढं जुनं रबर कडक होतं आणि ब्रेक मारल्यावर आपला इंगा दाखवतं. टायमिंग बेल्ट आणि वॉटर पंप, चौदा हजार. बेल्ट शेवटचा कधी बदलला याचा कागद नव्हता, आणि कागद नसेल तर बदललाच नाही असं धरायचं, कारण तो तुटला तर इंजिनच बसतं. सस्पेन्शनचे बुश आणि शॉक अॅब्सॉर्बर, एकोणीस हजार. बॅटरी, ऑइल, कूलंट वगैरे बारा हजार. झाले त्र्याहत्तर हजार. ट्रान्सफर आणि इन्शुरन्सचे चौदा हजार. वॅगन-आरचे पैसे वजा केले तर एकूण खिशातून गेले दोन लाख दोन हजार.

इन्शुरन्सवरून आठवलं, एक गोष्ट बरेच जण विसरतात. नो क्लेम बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. माझा पन्नास टक्क्यांचा बोनस मी जुन्या पॉलिसीतून काढून घेतला आणि नव्या गाडीला लावला. आणि जुनी गाडी विकताना फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून आरसी बुकावर नवं नाव चढेपर्यंत पाठपुरावा करायचा. नाहीतर गाडी त्यांची आणि चलन तुमच्या मोबाइलवर, असं पुढे वर्षानुवर्षं चालू राहतं. जुना फास्टॅगही आठवणीने बंद करायचा.

आता 'किती देते?' वॅगन-आर शहरात साडेपंधरा द्यायची. ही साडेनऊ देते. आमचं महिन्याचं चालणं सातशे किलोमीटर. म्हणजे पंचेचाळीस लिटरच्या जागी चौऱ्याहत्तर लिटर. पेट्रोल शंभराच्या वर, तेव्हा महिन्याला तीन हजार जास्त, वर्षाला छत्तीस हजार. वर आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या मानाने ऊर्जा साधारण एक तृतीयांश कमी असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच म्हटलंय, की जुन्या धाटणीच्या चारचाकींचं मायलेज या मिश्रणामुळे सहा-सात टक्क्यांनी घटेल. शिवाय अशा जुन्या गाडीच्या रबरी नळ्यांकडे लक्ष ठेवावं लागतं. आमच्या मेकॅनिकने इंधनाच्या नळ्या बदलून दिल्या आणि म्हणाला, "साहेब, दर सर्व्हिसिंगला बघत जाऊ." हे 'बघत जाऊ' आता कायमचं माझ्या आयुष्यात आलं आहे.

आणि सुटे भाग? काही सहज मिळतात, काहींसाठी चार फोन करावे लागतात, आठवडाभर थांबावं लागतं. त्यातल्या त्यात बरं म्हणजे ही गाडी आपल्याच जिल्ह्यात, रांजणगावला बनायची. जे लोक मला "फियाट? नको रे बाबा" म्हणतात, त्यातले कित्येक जण वर्षानुवर्षं डिझेल स्विफ्ट नाहीतर इंडिका व्हिस्टा चालवत होते. त्या दोन्ही गाड्यांमध्ये फियाटचंच १.३ लिटरचं मल्टिजेट इंजिन यायचं. बॉनेटखाली फियाट चालते, बॉनेटवर नको :-)

मग या सगळ्याच्या बदल्यात मिळालं काय?

आकड्यांत सांगायचं तर १३६८ सीसी, ११४ हॉर्सपॉवर, चारही चाकांना डिस्क ब्रेक. वॅगन-आरची अडुसष्ट होती. पण ही गाडी बाराशे किलोंच्या वर भरते, त्यामुळे कागदावर वाटतं तेवढी ती पेटत नाही. गर्दीत, दोन हजार आरपीएमच्या खाली, ती चक्क आळशी आहे. टर्बो जागा झाला की मग पाठीला हलका धक्का बसतो आणि पुढचा ट्रक मागे पडतो.

तरी मला सगळ्यात आवडलेली गोष्ट वेग नाहीच. स्टिअरिंग आहे. जुन्या पद्धतीचं हायड्रॉलिक, जरा जड. रस्ता कसा आहे ते हाताला कळतं. खडी, ओला डांबर, खड्ड्याची कड, सगळं तळहातात येतं. वॅगन-आरमध्ये मी गाडी चालवताना ऑफिसच्या मीटिंगचा विचार करायचो. हिच्यात करता येत नाही. गिअर कधी टाकायचा, वळणाआधी किती सोडायची, याकडे लक्ष द्यावंच लागतं. दिवसातली चाळीस मिनिटं मी एकाच गोष्टीचा विचार करतो. माझ्यापुरतं सांगायचं तर ही चाळीस मिनिटं महिन्याला तीन हजारांना महाग नाहीत.

वेगाबद्दल मात्र स्पष्ट बोललं पाहिजे. मी पुण्यात राहतो. १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरला एका भरधाव महागड्या गाडीखाली दोन तरुण इंजिनिअर गेले. त्यानंतर या शहरात कुणी "मला जरा फास्ट गाड्या आवडतात" असं म्हणालं, की समोरच्याच्या चेहऱ्यावर काहीतरी हलतं, आणि हलायलाच हवं. लिनिया घेतली त्या आठवड्यात माझ्या लेकीने विचारलं, "बाबा, तुम्ही आता जोरात चालवणार का?" मी नाही म्हणालो. तेव्हा ते तोंडातून सहज निघालं, पण नंतर मी ते नियम म्हणून पाळायचं ठरवलं. एक्स्प्रेसवेवर शंभर म्हणजे शंभर, घाटात साठ म्हणजे साठ. ज्याला गाडीचा कस बघायचाय त्याने पैसे भरून ट्रॅकवर जावं. सार्वजनिक रस्त्यावर शाळेतून येणारी पोरं असतात, भाजीची पिशवी घेतलेल्या आजी असतात, आणि त्यांनी माझ्या हौसेत भागीदारी घेतलेली नसते.

आणि हो, स्पीडब्रेकर! सेडान घेतल्यावर शहराचा नवा नकाशा कळतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमाप्रमाणे स्पीडब्रेकर ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच, गोलसर उताराचा असायला हवा. पंचवीसच्या वेगाने गाडी न आदळता पार व्हावी असा. आपल्याकडे मात्र रात्रीत कुणीतरी डांबराची वळकटी ओतून जातं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी तसा एक आहे. वॅगन-आरने तेरा वर्षं तो पार केला आणि मला त्याची उंची कळली नाही. आता मी तो रोज तिरका घेतो, नमस्कार केल्यासारखा.

इथपर्यंतचा हिशोब मी गाडी घेण्याआधीच केला होता. वहीत दोन रकाने केले होते, जमा आणि खर्च. बायकोलाही दाखवला. ती म्हणाली, "डिकी पाचशे लिटरची आहे म्हणतोस ना, मग ते वरच्या ओळीत लिही." म्हणजे तिची हरकत नव्हती.

वहीत नव्हतं ते बाबांचं.

बाबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. दोन्ही गुडघे दुखतात. वॅगन-आरचं छप्पर उंच आणि सीट नेमकी कमरेच्या उंचीवर. बाबा दार उघडायचे, खुर्चीवर टेकावं तसे टेकायचे आणि पाय आत घ्यायचे. उतरताना पाय बाहेर काढायचे आणि उभे राहायचे. तेरा वर्षांत ही सोय आहे हेच मला दिसलं नव्हतं, कारण ती कधी अडली नव्हती.

सौदा पक्का करण्याआधी मी त्यांना गाडी दाखवायला घेऊन गेलो. म्हणजे अगदीच विचार केला नाही असं नाही. बाबा वाकले, बसले. बसणं म्हणजे जवळजवळ उतरणं होतं. उतरताना त्यांनी एकदा प्रयत्न केला, परत टेकले, मग दाराच्या वरच्या कडेला धरून दुसऱ्यांदा उठले. सीट गुडघ्यांपेक्षा खाली गेली की उठताना सगळा भार गुडघ्यांवर येतो. मी विचारलं, "बाबा, जमेल ना?" ते म्हणाले, "जमेल."

आमच्या घरात 'जमेल' या शब्दाचा अर्थ मला चांगला माहीत आहे. पण त्या दिवशी मला त्याचा डिक्शनरीतला अर्थ सोयीचा होता, तो मी घेतला.

गाडी आली. पहिल्याच रविवारी आत्याकडे जायचं होतं. बाबा म्हणाले, "तुम्ही जा, मला जरा पडायचंय." पुढे एका रिसेप्शनला, "तुम्ही या जाऊन, मला रात्रीचं जेवण नको असतं हल्ली." मग सारसबागेला, "गर्दी असते रे तिथं." तीनही वेळा कारण पटण्यासारखं होतं. फिजिओथेरपीला मंगळवारी आणि शुक्रवारी ते आधीही बऱ्याचदा रिक्षाने जायचे, आता प्रत्येक वेळी जायला लागले. रिक्षाची सीट उंच असते, दांडी धरता येते. मला काही जाणवलं नाही. लेकीला जाणवलं. ती एका रात्री जेवताना म्हणाली, "आजोबांना नवी गाडी आवडत नाही का? ते एकदाही बसले नाहीत." बाबा पानाकडे बघत राहिले. म्हणाले, "आवडते की. रंग छान आहे."

मंडळी, माझ्या सगळ्या युक्तिवादाला तिथं भोक पडलं. मी इतके दिवस सगळ्यांना सांगत होतो, की माझ्या हौसेचे पैसे मी भरतोय, कुणाचं काय जातं? पैसे मीच भरत होतो हे खरं. पण बाबा महिनाभर घरात बसून होते, आणि त्याचं बिल कुणी मला दाखवलं नव्हतं. ते दाखवणाऱ्यातले नाहीतही.

त्या रात्री मला त्यांच्या फियाटची आठवण झाली. हो, आमच्याकडे आधी एक फियाट होती. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात बनायची ती पद्मिनी, स्टिअरिंगच्या बाजूला गिअरचा दांडा असलेली. मुंबईच्या रस्त्यावरून तिच्या काळ्यापिवळ्या बहिणी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर कायमच्या गेल्या, तेव्हा बऱ्याच लोकांनी हळहळ व्यक्त केली. बाबांनी १९८८ मध्ये सेकंडहँडच घेतली होती. दर रविवारी सकाळी बनियनवर ती पुसत बसायचे. १९९२ मध्ये फ्लॅटसाठी पैसे भरायचे होते, ती विकली आणि परत चेतकवर आले. त्याबद्दल त्यांनी कधी एक शब्द काढल्याचं मला आठवत नाही. त्यांनी हौस केली आणि वेळ आल्यावर आमच्यासाठी सोडली. मी हौस केली, आणि ती करताना त्यांच्या गुडघ्यांना विचारायचं म्हणून विचारलं.

मग गाडी विकायची का? आठवडाभर हा विचार चालला होता. बायको म्हणाली, "विकू नकोस. त्यांना कळेल का विकली ते, आणि मग ते आणखीनच बसणार नाहीत. आधी काही करता येतंय का बघ." ती बरोबर होती. सहसा असतेच.

रविवार पेठेतल्या एका गादीवाल्याकडून पुढच्या सीटच्या मापाचा चार इंची घट्ट फोम कापून घेतला. मऊ नको, मऊ फोम बसल्यावर दबतो आणि परत होतं तेवढंच होतं. खाली न घसरणारं रबर, वर खोळ. सीट पूर्ण मागे सरकवली. बाबांची उंची बेताची, त्यामुळे डोकं वर लागत नाही. आणि गाडी फुटपाथला चिकटून लावायची नाही हे शिकलो. फुटपाथची उंची आणि सीटची उंची यांतला फरक जेवढा कमी, तेवढं उठणं अवघड. रस्त्यावरच, फुटपाथपासून चार-पाच फूट सोडून थांबायचं, मी आधी उतरायचं, त्यांच्या बाजूला जायचं, हात द्यायचा. या सगळ्याला मिनिटभर लागतं. वॅगन-आरमध्ये हा मिनिट लागत नव्हता. आता लागतो, आणि तो मी वहीत खर्चाच्या रकान्यात लिहिलेला आहे.

मागच्या महिन्यात वाईला चुलत भावाची वास्तुशांत होती. बाबा आले. कात्रजचा बोगदा, शिरवळ, मग खंबाटकी. वॅगन-आरमध्ये चौघं असलो की खंबाटकीत एसी बंद करायचा हा आमचा कौटुंबिक रिवाज होता. घाट सुरू झाला तसा बाबांचा हात सवयीने एसीच्या बटणाकडे गेला. मी म्हटलं, "राहू द्या." गाडी तिसऱ्यात एसीसकट चढली, साठच्या आत. बाबा थोडा वेळ गप्प होते. मग सुरूर फाट्याला आत वळल्यावर त्यांनी तो प्रश्न विचारलाच.

"किती देते रे?"

"शहरात साडेनऊ. इथे तेरा-चौदा देईल."

ते जरा वेळाने म्हणाले, "आमची दहा द्यायची. पण चढायला ही बरी आहे."

यापेक्षा जास्त काही बोलले नाहीत आणि मीही बोललो नाही. परत येताना नीरेच्या पुलानंतर ते झोपले.

तेव्हा मला विचाराल तर माझं मत अजूनही तेच आहे. हौसेची गाडी जरूर घ्यावी. सेकंडहँड घ्यावी, कर्ज न काढता घ्यावी, चांगला मेकॅनिक आधी शोधावा आणि गाडी नंतर. तिला प्रॅक्टिकल म्हणून खपवू नये, हौस आहे तर हौस म्हणावं. पाचशे लिटरच्या डिकीची ढाल पुढे करू नये. पण हिशोब मांडताना घरातल्या प्रत्येक माणसाला खरोखर त्या सीटवर बसवून, उठवून बघावं, आणि कुणी 'जमेल' म्हणालं तर त्या शब्दावर न थांबता त्याच्या हाताकडे बघावं, की तो कशाला धरून उठतोय.

फिजिओथेरपीला बाबा अजून रिक्षानेच जातात. ती त्यांना सोपी पडते, आणि त्या रिक्षावाल्याशी आता त्यांची दोस्तीही झाली आहे. शुक्रवारी घरून काम असेल तर मीही त्यांच्याबरोबर रिक्षानेच जातो. त्या दिवशी लिनिया खाली उभी असते, आणि असू दे.